नव्या पदार्थांचा शोध आणि गणित: भट्टी पेटवण्याआधी काय काय ठरवता येते?

अव्यक्त (धागाकर्ता)

संगणकाने लाखो नवे पदार्थ शोधल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सारख्या येत आहेत. त्या वाचून असा समज होतो की या क्षेत्रात गणिताचे काम म्हणजे प्रचंड आकडेमोड, आणि यंत्र जितके मोठे तितके शोध जास्त. आकडेमोडीचे महत्त्व मला मान्य आहे आणि त्याबद्दल जाणकारांनी इथे जरूर लिहावे. पण हा धागा काढण्यामागचा माझा हेतू थोडा वेगळा आहे. पदार्थात हवा तो गुण येण्यासाठी त्याच्या कोणत्या मोजता येणाऱ्या राशीने कोणती अट पाळली पाहिजे, हे सांगणारे समीकरण हाती येणे, हा मला गणिताचा सर्वांत मोठा हातभार वाटतो.

अशी अट हाती नसेल तर शोधाचे क्षेत्र किती पसरलेले असते, याचा अंदाज एका साध्या हिशोबाने येतो. हाताळता येण्याजोगी ८० मूलद्रव्ये धरली, तर दोन-दोनच्या जोड्या ३,१६० होतात, तीन-तीनचे गट ८२,१६० आणि चार-चारचे १५,८१,५८०. यात प्रत्येक घटकाचे प्रमाण किती आणि अणू कोणत्या मांडणीत बसले आहेत, हे अजून आलेलेच नाही. एवढ्या पसाऱ्यात एकेक मिश्रण करून पाहणे कोणालाही शक्य नाही.

माझ्या मनात घर करून राहिलेले उदाहरण आकारस्मृती मिश्रधातूंचे आहे. निकेल-टायटेनियमची वाकवलेली तार गरम केली की पुन्हा सरळ होते, हे अनेकांनी पाहिले असेल. तापमान जास्त असताना या धातूतील अणूंची मांडणी घनाकृती आणि अधिक सममित असते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. धातू थंड होताना अणूंची शेजारसंगत न तुटता तीच मांडणी एका दिशेने थोडी ताणली जाते, दुसऱ्या दिशेने थोडी दाबली जाते, आणि कमी सममितीचे मार्टेन्साइट तयार होते. अडचण अशी की हा बदल चालू असताना एकाच तुकड्यात दोन्ही मांडण्या एकमेकींना खेटून असतात आणि त्यांची सीमेवर जुळणी झाली नाही तर तिथे ताण साठतो. म्हणून गरम करताना बदल ज्या तापमानाला होतो, त्याच्या बरेच खाली आल्याशिवाय तो उलटत नाही. या फरकाला हिस्टेरेसिस म्हणतात. प्रत्येक फेरीत सीमेपाशी थोडी इजा होते, ती साचत जाते, आणि धातू थकतो.

आता प्रश्न असा विचारता येतो की कोणत्या धातूत ही सीमा अजिबात ताण न घेता जुळेल? ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होताना होणारी ताण-दाब ही एका सममित मॅट्रिक्सने, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्याने, लिहिता येते. त्या मॅट्रिक्सची तीन आयगेन मूल्ये म्हणजे तीन परस्परलंब दिशांतील लांबी किती पटीने बदलली ते आकडे. उत्तर असे येते की या तिघांपैकी मधले मूल्य बरोबर १ असले पाहिजे. कोणती मूलद्रव्ये, किती भाग, याचा या अटीत उल्लेखही नाही. आणि ती तपासण्यासाठी क्ष-किरण विवर्तनाने (नमुन्यावर सोडलेले क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात ते पाहून) दोन्ही मांडण्यांतील अणूंची अंतरे मोजली की पुरते.

जॉन बॉल आणि रिचर्ड जेम्स यांनी १९८७ मध्ये या सूक्ष्म रचनांचा गणिती पाया घातला. २००६ मध्ये टायटेनियम-निकेलमध्ये तांबे आणि पॅलेडियम वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले पातळ थर तपासले गेले, तेव्हा मधले मूल्य १ च्या जवळ जाते तिथेच हिस्टेरेसिस झपाट्याने कमी होते, असे दिसले. पुढे २०१३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील जेम्स यांच्या गटाने आणखी कडक अटी लावून ४५ भाग जस्त, ३० भाग सोने आणि २५ भाग तांबे असा मिश्रधातू घडवला. त्याचा हिस्टेरेसिस साधारण २ अंश सेल्सिअस इतकाच होता आणि १६,००० हून अधिक वेळा गरम-थंड करूनही त्याचे बदलाचे तापमान जवळपास जागचे हलले नाही. ४५, ३० आणि २५ हे आकडे असे कुठून आले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे चर्चेच्या ओघात येऊ.

कुतूहल

विषय आवडला. मी या क्षेत्रातला नाही, त्यामुळे दोन शंका आहेत. तीन आकड्यांपैकी मधलाच का १ हवा? सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात लहान का नाही? आणि दुसरे म्हणजे, असे मिश्रण कागदावर ठरवले तरी ते तसे तयार होईलच, की दोन वेगळ्या पदार्थांत फुटून जाईल, हे आधी कसे कळते?

अव्यक्त (धागाकर्ता)

पहिल्या शंकेचे उत्तर कागद-पेन्सिलीने देता येते आणि ते इतके सुंदर आहे की इथे पूर्ण लिहितो.

त्रिज्या १ असलेला एक गोळा घ्या. आपला बदल त्याला तीन दिशांनी वेगवेगळे ताणतो आणि त्याचा लंबगोल होतो. त्याचे तीन अर्ध-अक्ष म्हणजे आपली तीन आयगेन मूल्ये: लहान, मधले, मोठे. सीमा ताणाशिवाय जुळण्यासाठी असे एक प्रतल हवे की ज्यातली कोणतीही लांबी या बदलात बदललेली नाही. म्हणजेच लंबगोलाला केंद्रातून कापल्यावर छेद म्हणून बरोबर १ त्रिज्येचे वर्तुळ मिळाले पाहिजे.

मधल्या अक्षातून जाणारे एक प्रतल घ्या आणि त्या अक्षाभोवती ते हळूहळू फिरवा. प्रत्येक छेद एक लंबवर्तुळ असते. त्याचा एक अर्ध-अक्ष कायम मधल्या मूल्याइतका असतो, दुसरा मात्र प्रतल फिरवताना लहान मूल्यापासून मोठ्या मूल्यापर्यंत सलग बदलत जातो. लहानाकडून मोठ्याकडे सलग जाताना तो वाटेत कुठेतरी मधल्या मूल्याइतका होणारच, आणि त्या क्षणी दोन्ही अर्ध-अक्ष सारखे होऊन छेद वर्तुळ होतो. या वर्तुळाची त्रिज्या मधल्या मूल्याइतकी असते. ते १ असेल तर आपले काम झाले.

मधले मूल्य १ पेक्षा मोठे असेल तर काय होते तेही पाहा. मग मधला आणि मोठा अक्ष ज्या प्रतलात आहेत, त्यातली प्रत्येक त्रिज्या १ पेक्षा मोठी असते. केंद्रातून जाणारे कोणतेही दुसरे प्रतल या प्रतलाला एका रेषेत छेदते आणि त्या रेषेवर लांबी वाढलेलीच असते, म्हणून न बदललेले प्रतल मिळणे अशक्य. मूल्य १ पेक्षा लहान असेल तर हाच युक्तिवाद उलट्या बाजूने चालतो. म्हणजे ही अट पुरेशी तर आहेच, पण तिच्यावाचून गत्यंतरही नाही.

दुसरी शंका गणनेच्या क्षेत्रातली आहे. अदिश यांनी त्याबद्दल लिहिले तर बरे होईल.

अदिश

लिहितो, पण थोडे मागून सुरुवात करावी लागेल.

पदार्थाचे गुण मुळात इलेक्ट्रॉनांच्या वागण्यावर ठरतात, आणि त्यांचे समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ मध्येच दिले होते. पण ते सोडवणे ही वेगळीच गोष्ट आहे. लोखंडाच्या एका अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात, प्रत्येकाचे तीन निर्देशक, म्हणजे तरंगफल (त्या समीकरणाचे उत्तर, जे सगळ्या इलेक्ट्रॉनांची स्थिती सांगते) ७८ चलांचे. प्रत्येक चलासाठी अवघे १० बिंदू घेतले तरी १ वर ७८ शून्ये इतके आकडे साठवावे लागतील. हे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात कधीच येणार नाही. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी सिद्ध केले की मूळ स्थितीतील ऊर्जा ठरवण्यासाठी संपूर्ण तरंगफलाची गरज नाही. अवकाशातल्या प्रत्येक बिंदूपाशी इलेक्ट्रॉनांची घनता किती, एवढे कळले तरी पुरते. घनतेला चले तीनच, म्हणजे वरच्याच हिशोबाने १,००० आकडे. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ही घनता प्रत्यक्ष काढण्याची रीत दिली, आणि १९९८ मध्ये वॉल्टर कोन यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. अव्यक्त ज्याला केवळ आकडेमोड म्हणतात, तिच्या मुळाशीही असा एक सिद्धांत उभा आहे, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. मात्र त्या सिद्धांतातले नेमके फलनक, म्हणजे घनतेवरून ऊर्जा काढून देणारे सूत्र, कोणालाच माहीत नाही. आपण त्याची जवळपासची रूपे वापरतो, आणि म्हणून उत्तरांतही त्रुटी राहतात.

आता कुतूहल यांची शंका. अ आणि ब ही दोन मूलद्रव्ये घ्या. आलेख कागदावर आडव्या अक्षावर ब चे प्रमाण आणि उभ्या अक्षावर दर अणूमागे तयार होण्याची ऊर्जा मांडा. शुद्ध अ आणि शुद्ध ब दोन्ही शून्यावर असतील. समजा, अर्धे-अर्धे असलेल्या अब या संयुगाची ऊर्जा उणे ०.४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट निघाली, आणि तीन भाग अ व एक भाग ब असलेल्या दुसऱ्या संयुगाची उणे ०.१५. हे दुसरे संयुग स्थिर आहे का? ऊर्जा उणे आहे म्हणून ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो, आणि नवशिके इथेच फसतात. शुद्ध अ आणि अब यांना जोडणारी रेषा काढा. पाव प्रमाणापाशी ती उणे ०.२० वर असते. आपले संयुग तिच्या ०.०५ वर तरंगते आहे, म्हणजे त्याने शुद्ध अ आणि अब यांत फुटून जाणे ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. सगळ्या ज्ञात संयुगांचे बिंदू मांडून त्यांच्या तळाशी घट्ट दोरी ताणावी, तशी जी खालची सीमा मिळते तिला बहिर्वक्र कवच म्हणतात. जे बिंदू या कवचावर पडतात तेच स्थिर. तीन मूलद्रव्ये असली की दोरीऐवजी पत्र्याचे सपाट तुकडे येतात, आणि चार असली की चित्र काढता येत नाही, पण भूमिती तीच राहते.

यातून एक गोष्ट लक्षात येते: एखादे संयुग स्थिर आहे हे विधान एकट्या त्या संयुगाबद्दल कधीच नसते, ते त्याच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल असते. उद्या कोणी आणखी खालचा बिंदू शोधला, तर आज स्थिर म्हणून नोंदवलेले संयुग यादीतून बाहेर पडते.

मूषा

अदिश यांचे स्पष्टीकरण उत्तम आहे. मी भट्टीच्या बाजूने बोलते.

गणनेत कवचावर बसलेल्या लिथियमच्या एका ऑक्साइडमागे आम्ही बरेच महिने होतो. पूड अ‍ॅगेटच्या खलात घोटायची, दाबयंत्रात तिची गोळी करायची, भट्टीत ठेवायची, बाहेर काढून पुन्हा घोटायची, हा आमचा रोजचा क्रम. पहिल्या खेपेला विवर्तनाच्या आलेखात जी शिखरे (मांडणीची ओळख पटवणारी उंच टोके) आली ती सगळी दोन जुन्या, ओळखीच्या संयुगांची होती. तापलेल्या भट्टीत लिथियम थोडे उडून जाते, म्हणून ते थोडे जास्त घालून पाहिले. तापमान कमी करून वेळ वाढवला. शेवटी हवी ती शिखरे दिसली, पण सगळी नाहीत. गणनेत दोन धातू एकाआड एक अशा शिस्तीत बसले होते, आणि त्या शिस्तीमुळे काही बारीक शिखरे जास्तीची दिसायला हवी होती. ती आलीच नाहीत. दोन्ही धातू त्याच जागांवर, पण कोणताही क्रम न पाळता बसले होते. म्हणजे हाती आले ते आधीपासून माहीत असलेल्या कुटुंबातलेच एक मिश्रण.

त्यामुळे कवचाचा आलेख समोर आला की माझा पहिला प्रश्न असतो: ही ऊर्जा कोणत्या तापमानाची? बहुतेक वेळा उत्तर असते, निरपेक्ष शून्याची. आमची भट्टी त्या तापमानाला चालत नाही.

अदिश

मूषा, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि तो आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. दोन धातू अर्धे-अर्धे, एकाच प्रकारच्या जागांवर कसेही बसू शकत असतील, तर त्या मोकळीकीमुळे दर जागेमागे एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम इतकी वाढते. १,२०० केल्विनला याचा ऊर्जेतला हिशोब साधारण ०.०७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. माझ्या उदाहरणात कवचापासूनचे अंतर ०.०५ होते. म्हणजे तुमच्या भट्टीत अव्यवस्थेला मिळणारा फायदा, शून्य तापमानावर मोजलेल्या फरकापेक्षा सहज मोठा ठरू शकतो. गणनेने शिस्तबद्ध मांडणी निवडली आणि भट्टीने विस्कळीत, यात दोघांचेही उत्तर आपापल्या तापमानाला बरोबर असू शकते.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. सामान्य दाबाला हिऱ्यापेक्षा ग्रॅफाइट अधिक स्थिर आहे, तरी हिरा बदलत नाही, कारण मधला अडथळा फार उंच आहे. कवचाच्या थोडे वर असलेल्या सगळ्याच पदार्थांना बाद करणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

२०२३ च्या अखेरीस गूगल डीपमाइंडने मशीन लर्निंग वापरून २२ लाख नव्या रचना आणि त्यांपैकी सुमारे ३,८०,००० स्थिर रचना जाहीर केल्या. त्याच सुमारास बर्कलीच्या एका स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ लक्ष्य-पदार्थ तयार केल्याचे सांगितले. त्यांतल्या कित्येक नमुन्यांवर नंतर इतर रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेला आक्षेप मूषा यांच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो: शिस्तबद्ध समजलेले पदार्थ प्रत्यक्षात विस्कळीत आणि आधीच ज्ञात असावेत. मला ही यादी निरुपयोगी वाटत नाही. पण ती शोधांची यादी म्हणून वाचू नये, तपासण्याजोग्या उमेदवारांची यादी म्हणून वाचावी.

समांतर

सगळे प्रतिसाद वाचले. गणितावर इतका भरवसा ठेवणाऱ्यांना मी एका प्रसंगाची आठवण करून देऊ इच्छितो. स्फटिकात पाच किंवा दहा पट सममिती (पूर्ण फेऱ्याच्या पाचव्या किंवा दहाव्या भागाइतके फिरवूनही मांडणी तशीच दिसणे) असू शकत नाही, हे गणिताने सिद्ध केलेले होते. ८ एप्रिल १९८२ रोजी डॅन शेख्टमन यांना अ‍ॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत दहा पट सममितीचे विवर्तन दिसले, आणि त्यावर अनेक मान्यवरांचा विश्वास बसला नाही. निष्कर्ष छापून यायला १९८४ चा नोव्हेंबर उजाडला, नोबेल पुरस्कार २०११ मध्ये मिळाला. इथे गणिताने शोधाला मदत करण्याऐवजी वाट अडवली, असे म्हणणे चूक ठरेल का?

अव्यक्त (धागाकर्ता)

हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, म्हणून तो सिद्धांत काय म्हणत होता ते आधी पाहू. तुमच्या स्फटिकाची मांडणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते, असे गृहीत धरा. मग जालकाला, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिंदूंच्या जाळीला, जागच्या जागी आणणारे कोणतेही परिभ्रमण जालकाच्या स्वतःच्या अक्षांवर लिहिले, तर त्या मॅट्रिक्समध्ये फक्त पूर्णांक येतात, आणि कर्णावरील आकड्यांची बेरीजही पूर्णांक असते. ही बेरीज अक्ष बदलल्याने बदलत नाही. द्विमितीत नेहमीच्या लंब अक्षांवर ती परिभ्रमण-कोनाच्या कोसाइनची दुप्पट येते. उणे २ ते २ या मर्यादेत पूर्णांक पाचच आहेत, म्हणून कोन १८०, १२०, ९०, ६० अंश किंवा पूर्ण फेरा एवढेच असू शकतात. ७२ अंशांच्या कोसाइनची दुप्पट ०.६१८ येते, ती पूर्णांक नाही. त्रिमितीतही निष्कर्ष हाच राहतो, आणि याच बंधनातून त्रिमितीत नेमके २३० सममिती-गट निघतात, जे १८९१ च्या सुमारास फेडोरोव्ह आणि शोनफ्लीस यांनी स्वतंत्रपणे मोजले होते.

या युक्तिवादात आजही एकही चूक नाही. पहिले वाक्य मात्र पुन्हा वाचा: मांडणी ठरावीक अंतराने पुन्हा येते, असे गृहीत धरा. शेख्टमन यांच्या नमुन्यात नेमके तेच घडत नव्हते. अणू शिस्तीत होते, पण ती शिस्त पुनरावृत्तीची नव्हती. अशी शिस्त शक्य आहे, हेही गणिताने आधीच दाखवले होते: पुनरावृत्ती न करता प्रतल भरून टाकणाऱ्या पेनरोज यांच्या फरशा १९७४ च्या, आणि त्या पाच मितींच्या साध्या जालकाची तिरकी सावली म्हणून मिळतात हे डी ब्रुइन यांनी १९८१ मध्ये दाखवले होते, शेख्टमन यांच्या निरीक्षणाच्या आदल्या वर्षी. गणिताच्या एका दालनात उत्तर तयार होते आणि स्फटिकशास्त्र दुसऱ्याच दालनात बसले होते, हे खरे दुर्दैव. १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने स्फटिकाची व्याख्याच बदलली. आता पुनरावृत्तीची अट नाही, विवर्तनात सुटे, रेखीव ठिपके दिसणे पुरेसे आहे.

म्हणून मी म्हणेन की वाट अडवली ती गृहीतक विसरण्याने. सिद्धांत वापरताना त्याचे पहिले वाक्य डोळ्यांसमोर ठेवले, तर तो सिद्धांत कुठे शोधायचे तेही सांगतो: पाच पट सममिती हवी असेल तर पुनरावृत्ती सोडावी लागेल.

समांतर

स्पष्टीकरण पटले. तिरक्या सावलीचा मुद्दा मला माहीत नव्हता.

कुतूहल

शुद्ध गणितातून निघालेली एखादी रचना पुढे पदार्थ म्हणून सापडली, किंवा सापडली नाही, असे उदाहरण कोणी देईल का?

अदिश

दोन देतो, एक अजून अपुरे राहिलेले आणि एक यशस्वी.

तोशिकाझू सुनादा या जपानी गणितज्ञांनी २००८ मध्ये दाखवले की हिऱ्याच्या मांडणीत जी एक विशेष कडक सममिती आहे, ती त्रिमितीत आणखी एकाच जाळ्यात असू शकते. या जाळ्यात प्रत्येक बिंदूला तीन शेजारी आणि सर्वांत लहान वलय दहा बिंदूंचे. त्याला के-चार स्फटिक म्हणतात. कार्बनने ही मांडणी घेतली तर, या विचाराने बरेच जण उत्साहित झाले, पण नंतरच्या गणनांत अशा कार्बनच्या जाळ्यातले अणू कंपनांमुळे जागेवर टिकणार नाहीत असे दिसले. मात्र स्ट्रॉन्शियमच्या एका सिलिसाइडमध्ये सिलिकॉनचे अणू नेमके हेच जाळे विणतात. निसर्गाला जाळे मान्य होते, कार्बन मान्य नव्हता.

दुसरे उदाहरण ग्रॅफिनच्या (कार्बनच्या एक अणू जाडीच्या पत्र्याच्या) दोन थरांचे. एक थर दुसऱ्यावर किंचित फिरवून ठेवला तर साधारण १.१ अंशापाशी इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा (त्यांना घेता येणाऱ्या ऊर्जांचा पल्ला) जवळजवळ सपाट होतो, असे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने काढले. २०१८ मध्ये त्याच कोनापाशी १.७ केल्विनपर्यंत अतिसंवाहकता, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहणे, सापडली. आधी सपाट पट्ट्याचा कोन काढला गेला आणि प्रयोग त्या कोनाकडे रोखून केला गेला. अव्यक्त यांच्या मूळ मांडणीला हे उदाहरण जास्त बळ देते, असे मला वाटते.

मूषा

मूळ मुद्द्याकडे येते. अव्यक्त, ४५, ३० आणि २५ चे तुम्ही पुढे सांगणार होता. मधले आयगेन मूल्य काढण्यासाठी मला आधी मिश्रधातू बनवून त्याची अंतरे मोजावीच लागतात. मग समीकरणाने माझे कष्ट नेमके कुठे वाचतात?

अव्यक्त (धागाकर्ता)

अगदी मोजक्या नमुन्यांत काम भागते, हेच त्याचे उत्तर. समजा, तुम्ही एकाच मालिकेतील दोन मिश्रणे केली. पहिल्याचे मधले मूल्य १.०१२ आले आणि दुसऱ्याचे ०.९९४. प्रमाण बदलले की अणूंमधली अंतरे साधारण सरळ रेषेत बदलतात, असे मानले तर १ हे मूल्य पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना दोन-तृतीयांश वाटेवर मिळेल. तिसरा नमुना तुम्ही थेट तिथे बनवाल, मोजाल, आणि उरलेली चूक चौथ्यात दुरुस्त कराल. हिस्टेरेसिस मात्र असा सरळ बदलत नाही. तो १ च्या अगदी जवळ एकदम खाली येतो, म्हणून केवळ हिस्टेरेसिस मोजत गेलात तर ती अरुंद दरी बाजूने ओलांडून जाल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

आता ते आकडे. तीन घटकांच्या मिश्रधातूत प्रमाणांची बेरीज १०० असल्यामुळे आपल्या हातात दोनच आकडे मोकळे असतात. मधले मूल्य १ असावे, ही एक अट त्या दोन आकड्यांच्या प्रतलात एक वक्र रेषा आखते. त्या रेषेवरच्या मिश्रधातूंत मार्टेन्साइटचा एकेकटा प्रकार ऑस्टेनाइटशी ताणाशिवाय जुळतो. परंतु प्रत्यक्षात मार्टेन्साइटचे दोन प्रकार पट्ट्यापट्ट्यांनी एकत्र येतात, आणि त्यांचे प्रमाण काहीही असले तरी सीमा जुळावी असे वाटत असेल, तर आणखी एक समीकरण आणि एक असमानता पाळावी लागते. या तिन्ही अटींना मिळून सहगुणक अटी म्हणतात. दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे झाली, की प्रतलात रेषेऐवजी सुटे बिंदू उरतात. जेम्स यांच्या गटाचा मिश्रधातू अशा बिंदूच्या अगदी जवळ जाऊन बसतो.

मूषा

म्हणजे सोन्याचे ३० भाग महाग पडतात म्हणून मी ते २० केले, तर बिंदूवरून घसरले.

अव्यक्त (धागाकर्ता)

होय, त्या तीन घटकांत राहून तसे करता येणार नाही. पण चौथे मूलद्रव्य घातले तर मोकळे आकडे तीन होतात, समीकरणे दोनच राहतात, आणि बिंदूऐवजी पुन्हा एक रेषा मिळण्याची शक्यता निर्माण होते. त्या रेषेवर सरकत तुम्ही कमी किमतीचे किंवा हव्या तापमानाला बदलणारे मिश्रण निवडू शकता. बदलाचे तापमान ठरावीकच हवे असेल तर ती तिसरी अट झाली, आणि मग चार घटकांतही पुन्हा बिंदूच उरतो. किती मूलद्रव्ये घ्यावी लागतील, याचा अंदाज भट्टी पेटवण्याआधी अटी मोजून असा बांधता येतो.

यालाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. २०१५ मध्ये टायटेनियम-निकेल-तांब्याच्या एका पातळ थराने १ कोटी फेऱ्या सहन केल्या. त्यात सीमेच्या जुळणीबरोबरच टायटेनियम-तांब्याच्या बारीक कणांचाही वाटा होता. हे कण दोन्ही मांडण्यांशी जुळून घेतात आणि प्रत्येक फेरीत धातूला मूळ जागी परतायला मदत करतात. आपल्या लंबगोलाच्या युक्तिवादात त्या कणांना कुठेच जागा नाही.

मूषा

चार घटकांचा हिशोब उपयोगी आहे. त्यात प्रयोगाच्या बाजूने एक भर घालते. मधले मूल्य तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळापर्यंत विश्वासाने हवे असेल, तर दोन्ही मांडण्यांची अंतरे बदलाच्या तापमानाजवळच मोजली पाहिजेत. ऑस्टेनाइट बरेच गरम असताना मोजले आणि मार्टेन्साइट बरेच थंड असताना, तर उष्णतेने होणारे साधे प्रसरणच त्या दशांश स्थळांत मिसळते आणि तुमची दोन-तृतीयांश वाट चुकीच्या जागी नेते. विवर्तनयंत्राखाली नमुना गरम-थंड करता येणारा मंच असेल तर एकाच नमुन्यावर, दोन्ही मांडण्या एकत्र असतानाच, दोन्हींची अंतरे एका मोजणीत मिळतात. मी पहिले दोन नमुने याच रीतीने मोजेन.